मीटरवरचं शून्य

सून : पण प्लग तर काढलाय ना बाबा, मग आत हात का घालत नाही?

सासरे : प्लग काढला म्हणजे भिंतीतली वीज तुटली. हा जाडा डबा दिसतोय ना, कंडेन्सर? यानं पोटात भरून घेतलेली तशीच राहते. तासन्‌तास.

सून : किती?

सासरे : माणसाला पुरेल इतकी. ठमी झोपलीय ना?

सून : झोपलीय. बाहेरून कडी घातलीय.

सासरे : दोनदा बघून आलीस.

सून : तीनदा.

सासरे : बरं. तर तुझ्या नवऱ्याच्या या अ‍ॅम्प्लिफायरला मोठे काचेचे व्हॉल्व्ह दोन. उजवीकडचा मघाशी निखाऱ्यासारखा लाल झाला. साहेब म्हणाले, व्हॉल्व्ह गेला, आणि निघाले नवीन आणायला. मी काय केलं?

सून : दोघांची जागा बदललीत.

सासरे : मग?

सून : डावीकडचा उजवीकडे लावल्यावर तोही तिथे लाल झाला. म्हणजे व्हॉल्व्ह चांगले आहेत, ती जागाच बिघडलीय.

सासरे : माझ्या दुकानात तू असतीस तर दुकान चाललं असतं. खाली एक बारका कंडेन्सर गळतोय. तो बदलला की संध्याकाळी वाजवेल तुझा नवरा.

सून : नाही वाजवलं तरी चालेल. ते येईपर्यंत थांबू या ना.

सासरे : तो येऊन काय करणार? त्याला तारा फक्त गिटारच्या कळतात. आणि तू अशी बघू नकोस माझ्या हाताकडे. दूध तापत ठेवल्यासारखी.

सून : थरथरतोय तो.

सासरे : चहा पिताना थरथरतो. कामाला लागला की थांबतो. हे बघ, मीटरची काळी सुई पत्र्याला, लाल इथे. वाच.

सून : शून्य.

सासरे : रिकामा आहे. सरक, उजेड येऊ दे.

सून : बाबा, हात काढा.

सासरे : आता काय?

सून : आधी काढा. खिशात घाला.

सासरे : एक हात खिशात, हा नियम मीच तुला शिकवलाय.

सून : दोन्ही घाला.

सासरे : घातले. बोल.

सून : मीटरची चकती बघा. नागमोडी रेघेवर आहे. सकाळी तुम्ही भिंतीतलं सॉकेट तपासलंत, तेव्हापासून तिथेच आहे. साठलेली वीज त्या खुणेवर दिसते का?

सासरे : नाही.

सून : मग?

सासरे : शेजारी सरळ रेघ आहे. तिच्याखाली टिंबं.

सून : तिथे नेते. धरा परत सुया. अंग लावू नका कुठे.

सासरे : धरल्या. वाच.

सून : तीनशे ऐंशी.

(सासरे वाकून मीटरवरचा आकडा स्वतः वाचतात.)

सासरे : पाळणाघराचा फॉर्म वाचला मी. फ्रिजवर होता.

सून : नुसता आणून ठेवलाय.

सासरे : सोमवारपासून तू ऑफिसला, ठमी माझ्यापाशी, असं ठरलं होतं.

सून : ठरलं होतं.

सासरे : होतं. कळलं मला. साठलेली वीज उतरवायला तो लांब वायरींचा रेझिस्टर दे इकडे. किंवा नको, तूच लाव.

सून : मी?

सासरे : तुझे डोळे चांगले आहेत. काळा चिमटा पत्र्याला. लाल त्या टोकाला, प्लास्टिकला धरून. डावा हात खिशात.

सून : गाऊनला खिसा नाहीये.

सासरे : मग पाठीमागे घे. हं. लाव. मीटरवर काय दिसतंय?

सून : तीनशे दहा. दोनशे नव्वद.

सासरे : सावकाशच उतरणार. घाई करायची नाही.

सून : दोनशे वीस. बाबा, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही.

सासरे : माझाच नाही आत्ता. मीटरकडे बघ.

सून : दीडशे.

सासरे : दिवसभर नको माझ्याकडे. रांगणारं पोर आहे. मी कुठलं बटण कुठे ठेवीन, याचा नेम नाही. भर तो फॉर्म.

सून : साठ. पाळणाघर चारला बंद होतं. आम्ही दोघं सहाच्या आत पोचत नाही.

सासरे : मग?

सून : तीस. घ्यायला कोण येणार, त्याचं पूर्ण नाव लिहायचं असतं. ती ओळ मी रिकामी ठेवलीय.

सासरे : चारला.

सून : चारला. आता सहा. दोन. काढू चिमटा?

सासरे : थांब, पूर्ण उतरू दे. आणि चारचं माझ्या लक्षात राहिलं नाही तर?

सून : पावणेचारला मी फोन करीन.

सासरे : रोज?

सून : रोज. शून्य झालं, बाबा. चकतीही बघितली.