कोरडी नदी, भरलेले आकडे

(नवीन पनवेल, २०१०. निवृत्त इंजिनिअर निसीम यांच्या घरी, नदीवरची पाण्याची पातळी मोजायची पट्टी वाचणारा त्यांचा जुना माणूस काशीराम.)

काशीराम : चहा राहू द्या सायेब. पयले सांगा, हा आकडा कुनाचा?

निसीम : रिपोर्ट तुला कुठून मिळाला?

काशीराम : जावयानं दिला. भामाच्या सासरी, गावात सगल्यांनी वाचला. नदीत मे महिन्यात बी जास्तीचं पानी हाय, म्हनून शेजारच्या राज्याला द्यायचं. सव्वीस वर्सं त्या सरहद्दीवर रोज सकाली आठला पट्टी वाचली मी. मे मधी पट्टीच्या बुडाशी बकऱ्या बसायच्या.

निसीम : आकडे तुझ्याच वहीतून घेतलेत.

काशीराम : माज्या वहीत ‘कोरडी’ लिवलंय.

निसीम : तिथंच घोळ झाला. कॉम्प्युटरला आकडा लागतो. अक्षरं आली की तो दिवस रिकामा धरतात. वाचणाऱ्यानं दांडी मारली असं समजून वर्षाची सरासरी भरतात.

काशीराम : दांडी? आय वारली त्या दिवशी पन पट्टी वाचून मंग घरी, कोन गावाला आलो मी.

निसीम : माहीत आहे मला.

काशीराम : मंग शून्य लिव, असं का नाय बोल्लात?

निसीम : तेव्हा लक्षात नाही आलं.

काशीराम : आनि नंतर?

निसीम : आलं. रिपोर्टवर सही करायच्या आधी. वरचे म्हणाले, दोन्ही राज्यांची बैठक ठरलीय, आता आकडे हलवू नका. रिटायरमेंटला चार महिने होते माझ्या. केली सही.

काशीराम : कालवा त्याच गावात येनार, पोरगी सुखात राहील, असं तुमीच बोल्लात. तुमच्या शब्दावर भामाला तिथं दिली. लग्नात जेवलात तुमी. आज ती झऱ्यात वाटी बुडवून हंडा भरते.

निसीम : लाज वाटते मला.

काशीराम : लाज नको. ह्या कागदावर लिवा, त्या दिवसांचे आकडे खोटे हायत. गाववाले मंत्रालयात देतील.

निसीम : पुढच्या आठवड्यात आम्ही इस्रायलला चाललोय, मुलाकडे, अवीवकडे. कायमचे. आता चौकशी लागली तर जाणंच अडकेल.

काशीराम : म्हंजे नाय.

निसीम : गावात सांग, साहेब भेटलेच नाहीत. घराला कुलूप होतं.

काशीराम : ते नाय जमनार. दिसलं तेच सांगायची सवय हाय मला, सायेब.