थरथरणाऱ्या गादीचं प्रात्यक्षिक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजेच आमचे धाकटे भावजी, पहिल्या रांगेतून मला डोळ्यांनी दटावणाऱ्या सासूबाई, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींची वहिनी म्हणून कौतुकाचे दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. पहिला लगेच बोलून टाकते. स्वमग्न मुलांसाठी भावजींनी केलेली ही थरथरणारी गादी स्वस्त आहे. जुन्या मोबाइलच्या मोटारी, फोम, वर मऊ खोळ. परदेशी गादी आपल्यासारख्यांनी दुकानात फक्त बघायची. बक्षीस स्वस्ताईचं आहे आणि ते योग्य माणसाला मिळालंय.

आता दुसरा शब्द. ही गादी ज्याच्यावर करून पाहिली, तो माझा पाच वर्षांचा मुलगा. तो बोलत नाही. त्याला थरथर आवडते हे भावजींनी 'सूक्ष्म निरीक्षणातून' ओळखलं, असं माहितीपत्रकात छापलंय. कसलं सूक्ष्म! तो धुण्याच्या मशीनला गाल लावून उभा राहायचा, साऱ्या घराला दिसत होतं. पुरे झालं की आपणहून बाजूला व्हायचा. एवढंच तेवढं भावजींना दिसलं नाही. त्यांनी बटण लांब वायरला लावलं आणि वायर स्वतःकडे ठेवली.

मी म्हटलं, "भावजी, बटण त्याच्या हाताशी द्या ना."

"काहीतरीच काय, वहिनी! मग तो बंद करेल."

अहो, करू दे की! नको वाटलं तर बंद करायचं नाही, तर काय करायचं त्यानं?

मघाशी पडद्यावर पाहिलंत ना, मूल कसं शांत बसलंय? टाळ्याही वाजवल्यात. शांत नव्हता तो, ताठला होता. खांदे कानांपर्यंत चढलेले, मनगट दातांत. आणि भावजी मागून म्हणत होते, "जरा थांबा वहिनी, छान येतंय." मी वायर उपटली, तो चित्रफितीतला तुकडा कापलाय. त्या दिवसापासून तो धुण्याच्या मशीनजवळही जात नाही. लेकराचं एक सुख होतं, तेही गेलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली. मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. उद्यापासून हीच गादी बालवाड्यांत जाणार आहे, अशाच लांब वायरसकट.

पत्रिकेत माझ्यानंतर 'प्रात्यक्षिक' लिहिलंय. मुलाला आणायला गेलेला माणूस हात हलवत परत आलाय. भावजी, दाराकडे बघू नका. त्याचे बाबा त्याला घेऊन केव्हाच घरी गेलेत.

पण कार्यक्रमाचा विरस व्हायला नको. आयोजकांनी माईक दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. जीभ जास्त चालली असेल तर पोटात घाला, सासूबाई, तुम्हीसुद्धा.

या भावजी, बसा गादीवर. वायर माझ्याकडे आहे. नकोसं झालं तर सांगा. तुम्हाला बोलता येतं.