अर्धा स्पंज

शोभेच्या माशांच्या दुकानात रांग होती. टाकीच्या फिल्टरचा नवा स्पंज हातात धरून शिंपीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक आजोबा आणि त्यांची सून.

“बाबा, रागावू नका. तुम्ही हॉस्पिटलात होतात ना, तेव्हा मी टाकी धुतली. स्पंजसुद्धा. नळाखाली, अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत.”

“अगं सूनबाई, त्या मळातच तर टाकीचा जीव! माशांची घाण पचवणारे जंतू तिथेच राहतात.”

“ते दुसऱ्या दिवशी कळलं. मासे वर येऊन नुसते आ वासत होते.”

“मग? आता तर सगळे ठणठणीत आहेत.”

“मी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले.”

“त्याच्याकडे? नऊ वर्षं आमचं बोलणं नाही!”

“त्यांनी स्वतःच्या टाकीतला जुना, मळका स्पंज अर्धा कापून दिला. वर आठवडाभर रोज येऊन बादलीभर पाणी बदललं. तुमच्या टाकीतल्या झाडांची सडकी पानंही खुडली.”

“काही म्हणाला?”

“‘झाडं मात्र झकास वाढवलीत हं म्हाताऱ्यानं.’ एवढंच.”

शिंपीणबाईंनी हातातला स्पंज हळूच पुन्हा खुंटीला अडकवला.

“बोला आजोबा, काय देऊ?” दुकानदारानं विचारलं.

“माशांचं खाणं द्या. आणि एक रिकामी पिशवी. टाकीतल्या झाडांच्या चार चांगल्या फांद्या वरच्या मजल्यावर न्यायच्या आहेत.”

“मी देऊन येईन ना, बाबा. तुम्हाला जिना झेपणार नाही.”

“दर पायरीला बसेन. पण जाणार मीच.”