आब्बांनी पक्के केलेले सांधे

जन्म हुपरीचा. चांदीचं काम करणाऱ्यांचं घर, आब्बा पैंजण करायचे, मीबी शाळंतनं आलो की भट्टीपुढं बसायचो. काय सांगू तुम्हाला पावणं, इतकी वर्सं वर्गात शुद्ध बोलण्यात गेली, पर घरचं निघालं की जीभ हुपरीलाच जाती.

गणितात एम.एस्सी. झालो, कोल्हापुरात कॉलेजावर लागलो, तेबी तात्पुरता. पीएच.डी. झाली तर कायम, न्हाईतर घरी. आब्बांनी तवाच बोलून ठेवलंतं, न्हाय जमलं तर भट्टी हाय, कुणाच्या पाया पडत बसू नगंस. एकुलता एक पोरगा मी, त्यांचं तरी काय चुकत हुतं.

माझा विषय असा, घुमटागत वाकडा पृष्ठभाग बारक्या चपट्या तुकड्यांनी जोडायचा, आणि एकबी तुकडा न ताणता, न दुमडता तो सगळा हलतोय का ते गणितानं सांगायचं. कॉलेजातली मंडळी म्हणायची, ह्यो मास्तर हाय का पत्रेवाला. तोंडी परीक्षेला दाखवाय नमुना पायजे हुता. आब्बांस्नी म्हटलं, पितळेचे तुकडे कापून कड्यांनी जोडून द्या, पर सांधे सैल ठेवा, ते म्हणले व्हय व्हय, आणि दिला की करून, फडक्यात गुंडाळून, मी तसाच घेऊन गेलो.

परीक्षक बाहेरगावचे, कडक. फडकं सोडलं, नमुना नुसता लखलखत हुता. दाबला, हलंना, वळवला, तरी हलंना, बघतोय तर एकूण एक सांधा डाक लावून, झाळून पक्का केल्याला. आमच्यात सैल कडीचा माल दाराबाहेर जात न्हाय, मग पोराच्या परीक्षेला कसा जाईल? परीक्षक म्हणले, कुणी केलाय, म्हटलं वडलांनी, पक्कं काम करायची सवय हाय त्यांस्नी. ते जरा हसले, म्हणले असू दे, फळ्यावर हलवून दाखवा. मग काय, खडू घेतला आणि हात भरून येईस्तोवर लिवत गेलो. झालो पास.

पेढे घेऊन हुपरीला गेलो तर आब्बांनी पयलं इचारलं, हलला का रं? खोटं बोलवंना, सांगितलं. खाली मान घालून बसले, म्हणले, मुद्दाम न्हाय केलं पोरा, हाताला कळलंच न्हाय. तू परत यावास असं लई वाटायचं, भट्टीपुढची तुझी जागा रोज झाडून ठेवत हुतो, पर दुवा मागितली ती तू पास व्हावास म्हणूनच. मला रडू आवरंना.

आता त्यांस्नी दिसत न्हाय. दर ऐतवारी जातो, ते म्हणतात, पोरास्नी काय शिकवलंस सांग, आणि माझा हात धरून ऐकत ऱ्हातात. कळत काय न्हाय त्यांस्नी, पर मी थांबलो की म्हणतात, अजून सांग की.