चिठ्ठीवरचं दुसरं नाव

मंडळी, मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या. पहिल्या दोन रांगांत जागा आहे. आपल्याकडे पुढे बसायला कुणी तयार नसतं, पण आज या.

तुम्ही एवढे सगळे आलात. कुणी ट्रॉयहून, कुणी अॅन आर्बरहून, कुणी सुट्टी टाकून. माधुरीताईंसाठी आलात. दिलीपदादा, ईशा, तुम्ही अगदी समोर आहात. तुमच्याकडे बघत मला बोलता येणार नाही, म्हणून मी मधूनमधून त्या खिडकीकडे बघीन. समजून घ्या.

मी अनिरुद्ध, आपल्या मंडळाचा उपाध्यक्ष. ताई अध्यक्ष होत्या, मी त्यांच्या हाताखाली. मला भाषण करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आज दुःख तर आहेच, पण खरं सांगतो, भीती जास्त आहे. कशाची, ते सांगायलाच मी इथे उभा आहे.

ताई मूळच्या साताऱ्याच्या. तीस वर्षं त्यांनी इथे हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून काम केलं. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन कामं अंगावर घेतली. एक तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडचे आजी-आजोबा, ज्यांना ड्राइव्ह करता येत नाही, ज्यांची मुलं-सुना ऑफिसात असतात, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं-आणायचं. ताईंनी ड्रायव्हर लोकांची यादी केली, वार ठरवले, फोन केले, आणि कुणी आलं नाही तर स्वतः गाडी काढली.

दुसरं काम निवडणुकीचं. मतदानाच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबलामागे बसायचं, आयडी बघायचा, बॅलटचा कागद हातात द्यायचा. मी सिटिझन झालो आणि माझं पहिलं मत द्यायला गेलो, तेव्हा टेबलामागे ताई होत्या. आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवून आलो होतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आयडी प्लीज." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. अशा होत्या.

त्याच वर्षीची गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात प्रेसिडेंटला उभ्या असलेल्या एका उमेदवारानं आपल्या जोडीचा व्हाइस प्रेसिडेंट जाहीर केला. कोणता उमेदवार, कोणता पक्ष, हे मी सांगणार नाही. ताई असत्या तर त्यांनी मला तिथेच थांबवलं असतं. त्या शनिवारी मी त्यांच्या घरी होतो. त्यांची लेक ईशा शिकागोहून आली होती. ताईंचे यजमान, आपले दिलीपदादा, चहा करत होते. टीव्हीवर तीच बातमी चालू होती.

ताई म्हणाल्या, "गेल्या आठवड्यापर्यंत माझं ठरलं होतं. आता नाही."

ईशा म्हणाली, "आई, आय वॉजन्ट गोइंग टू व्होट ॲट ऑल. नाऊ आय ॲम."

एकच नाव होतं. एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघी. त्या नावानं लेक मतदानाला निघाली आणि आई मागे सरकली. ईशा, तुला आठवतंय ना? तू मान हलवते आहेस, म्हणजे आठवतंय.

मी मोठा शहाणा. मी म्हणालो, "ताई, व्हाइस प्रेसिडेंट बघून कोण व्होट करतं यार? लोक वरचं नाव बघतात. बाकी सगळा टीव्हीवाल्यांचा टाइमपास."

ताईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाल्या, "मी करते. तीस वर्षं शिफ्ट संपली की माझे पेशंट कुणाच्या तरी ताब्यात देऊन घरी आले. कुणाच्या ताब्यात देतेय ते बघितल्याशिवाय मी कधी घरी जायला कोट अंगात घातला नाही. आणि हा तर अख्खा देश आहे. उद्या वरच्याला काही झालं तर?"

मी म्हणालो, "काही होत नाही हो."

त्या म्हणाल्या, "वॉर्डमध्ये सगळे नातेवाईक हेच म्हणायचे."

नोव्हेंबरात मतदान झालं. त्यानंतरच्या रविवारी ताईंनी मला एक प्रसंग सांगितला. एक म्हातारे गृहस्थ आले होते. ऐंशीच्या पुढचे, कारखान्यातून रिटायर झालेले, डोक्यावर युनियनची टोपी. बॅलट घेऊन बूथमध्ये गेले आणि परत टेबलाशी आले. म्हणाले, "मॅम, मला वरचा माणूस हवाय. खालचा नको. कसं करू?"

ताई म्हणाल्या, "सर, बॅलटवर दोघांना मिळून भरायचा गोल एकच आहे."

ते परत गेले. बराच वेळ उभे राहिले. मागे रांग होती, पण त्यांना घाई करायला ताईंनी कुणाला दिलं नाही. शेवटी ते बाहेर आले आणि जाता जाता स्वतःहून म्हणाले, "ती ओळ मी कोरीच ठेवली. बाकीचं सगळं भरलं."

ताईंना ते फार लागलं होतं. मला म्हणाल्या, "अनिरुद्ध, तो माणूस काठी टेकत तासभर रांगेत उभा होता. आणि ज्याच्यासाठी आला, तेच कोरं ठेवून गेला. कारण काय, तर दुसरं नाव." ताईंनी स्वतः त्या दिवशी काय केलं, ते मी विचारलं नाही. ईशानं विचारलं होतं, तिलाही उत्तर मिळालं नाही.

आता मी जे सांगणार आहे, ते दिलीपदादांना विचारून सांगतोय.

डिसेंबरात ताईंनी मला लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बोलावलं. मला वाटलं, आजोबांच्या राइड्सचं काही असेल. मी त्यांच्या गाडीत बसलो. हीटर चालू होता. त्या म्हणाल्या, "मी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहतेय. माझ्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून तू ये."

आपल्या मंडळात जोडीनं उभं राहतात. एका चिठ्ठीवर दोन नावं, खूण एकच. मी म्हणालो, "ताई, माझं नाव टाकलंत तर तुमची मतं जातील." मी खोटं बोलत नव्हतो. गणपतीत दारासमोर खुर्च्या लावल्या म्हणून कार्यक्रम थांबवणारा मीच. नाटकाच्या तालमीत उशिरा आलेल्यांना बाहेर उभं करणारा मीच. तुमच्यापैकी निम्म्यांशी माझं वाजलेलं आहे.

त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण तू सांगितलेल्या वेळेला पोहोचतोस. मला तेवढंच पाहिजे."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. पॅनक्रियाजचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले होते, एक वर्ष, कदाचित कमी. त्यांनी हे अगदी नर्ससारखं सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगत असाव्यात.

मी हीटर कमी केला. मग विचारलं, "लोकांना सांगणार ना?"

"मतदान झाल्यावर."

"ताई, म्हणजे लोक तुम्हाला मत देणार, आणि मिळणार मी?"

मी पुढे म्हणालो, "तुम्हीच म्हणता ना, दुसरं नाव बघा? मग बघू द्या ना त्यांना. का बघायचं तेच कळलं नाही, तर ते कसं बघणार?"

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढला. म्हणाल्या, "आधी सांगितलं तर सगळे माझ्याकडे पेशंट म्हणून बघतील. डबे आणून देतील आणि काम काढून घेतील. मला एक वर्ष काम करायचंय, अनिरुद्ध. राइड्सचं नीट बसवून द्यायचंय. एवढं एक वर्ष."

सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? मला आजही कळलेलं नाही. मी हो म्हणालो.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मतदान झालं. तुमच्यापैकी कितीतरी जण त्यांना येऊन म्हणालात, "ताई, तुम्ही हव्यात हो, पण तो कशाला?" हळदीकुंकवाच्या टेबलाजवळ एक काकू हे म्हणाल्या, तेव्हा मी मागेच उभा होतो. काकू, तुम्ही आज इथे आहात. मला राग नाही. तुम्ही तुमचं काम करत होता. तुम्ही दुसरं नाव बघत होता. फक्त त्या नावाची किंमत काय, हे तुमच्यापासून लपवलेलं होतं. आणि लपवणाऱ्यांत मी होतो.

आम्ही निवडून आलो, थोडक्या मतांनी. ताईंनी "मतदान झाल्यावर" म्हटलं होतं. फेब्रुवारी गेला. मार्च गेला. मी विचारलं की त्या म्हणायच्या, "या महिन्यात तब्येत बरी आहे, कशाला?" मग मीही विचारायचं सोडलं. ऑगस्टमध्ये त्यांना ॲडमिट केलं, तेव्हा तुम्हाला कळलं. तुम्ही मला फोन केलेत. विचारलंत, "अनिरुद्ध, तुला कधी कळलं?" आणि मी सांगितलं, "आत्ताच, तुमच्याबरोबरच."

ते खोटं होतं. मला डिसेंबरपासून माहीत होतं.

हे मी ताईंना दोष द्यायला सांगत नाही. त्यांच्या मागून त्यांचं काही उघड करावं, एवढा मी हलका नाही. हे त्यांनीच सांगायला लावलंय. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, "मी लोकांचं चुकवलं. आपल्या मागे कोण येणार याचा लोकांसाठी विचार केला नाही, म्हणून टीव्हीवरच्या त्या उमेदवाराला मी माफ केलं नाही, आणि मी तरी काय केलं? माझ्या मागे कोण येतंय, हे मी लोकांना नीट बघू दिलं नाही."

मी म्हणालो, "ताई, आता नको ते."

त्या म्हणाल्या, "तू सांग त्यांना. सगळ्यांसमोर सांग. मग त्यांना ठरवू दे."

काल मी दिलीपदादांना विचारलं, "सांगू का? शोकसभेत हे बरं दिसेल का?" दादा म्हणाले, "सांग. तिला ते टोचत होतं. मलाही टोचतंय."

म्हणून सांगितलं.

नियमाप्रमाणे आजपासून अध्यक्ष मी आहे. पण तुम्ही हे जाणून मत दिलेलं नाही. म्हणून पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा बोलावतोय. नवीन मतदान घ्या. ज्याला उभं राहायचंय त्यानं राहावं. मला नको म्हणालात, तर मंडळाच्या किल्ल्या आणि ड्रायव्हरांची यादी मी त्याच दिवशी देईन.

तोपर्यंत राइड्स थांबणार नाहीत. मला रोज याचीच काळजी असते. ताईंचा फोन आला की लोक नाही म्हणत नसत. माझा आला की उचलतीलच असं नाही. परवा सव्वानऊला लेलेआजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, ते मी करतोय, ऑफिसात सांगितलंय. गुरुवारी दोन अपॉइंटमेंट्स आहेत आणि ड्रायव्हर एकच आहे. मला मत देऊ नका, चालेल. पण गुरुवारी कुणीतरी गाडी काढा.

एवढंच होतं.

आता आपण दोन मिनिटं शांत राहू. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच डोळे मिटा. लहान मुलं बोलली तर बोलू देत, त्यांना गप्प करू नका. दोन मिनिटं झाली की मी त्या दाराशी जाऊन उभा राहीन. ज्याला मला काही विचारायचं असेल, रागवायचं असेल, त्यानं तिथे यावं. शेवटचा माणूस जाईपर्यंत मी हलणार नाही.

माधुरीताई, मी सांगितलं. तुम्हाला नमस्कार.

उभे राहू या.