कोऱ्या उंदराची रेघ

दवाखान्यात रिपोर्टच्या खिडकीपुढे शिंपीकाका बायकोच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी उभे होते. पाय काही एका जागी ठरत नव्हते. मागे संशोधन करणाऱ्या दोघी कुजबुजत होत्या. धाकटी थोरलीला 'ताई' म्हणत होती.

"ताई, रेघ आली."

"यायलाच हवी. उंदराच्या रक्तातलं ते प्रथिन आपल्या अँटिबॉडीने पकडलं, की पट्टीवर रेघ उमटतेच."

"कोऱ्या उंदराच्या रक्तातही उमटली. ज्याच्यात ते प्रथिन जन्मापासून नाहीच, त्याच्या."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"पुन्हा लावून बघितलं. पुन्हा आली, चांगली ठसठशीत."

"म्हणजे आपली अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय."

"आणि आपण त्या रेघांवर सगळा इमला रचलाय."

"मग कोरा उंदीर आधीच का नाही तपासलास?"

"तूच म्हणालीस ना, अँटिबॉडीच्या कुपीवर छापलंय ते काय खोटं असतं का? उगाच कशाला वेळ घालवतेस?"

"सर उद्या परिषदेत तेच दाखवणार आहेत."

"सांगायचं ना मग त्यांना?"

"सांगते गं. आधी माझा रिपोर्ट तर हातात पडू दे."

तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी काकांपुढे पाकीट सरकवलं.

"दोष दिसतोय, काका. डॉक्टरांना दाखवून घ्या."

काकांनी पाकिटाला हात लावला नाही.

"बाई, ज्याला काहीच झालेलं नाही, अशा माणसाचं रक्त तुमच्या मशीनवर लावून बघितलंय का?"

"काय? चला, पुढचं कोण?"

"मी," मागून ताई म्हणाली. "पण आधी काकांना उत्तर द्या."