बाळंतिणीचं तूप

ठेवा तो डबा खाली, हैबतराव. फळीवर हुता, तितंच ठेवा. आन् बसा. पाव्हण्यानं असं बाळंतिणीच्या खोलीत शिरून फळ्या धुंडाळायच्या, बरं न्हाई दिसत ते — भाऊ असलासा म्हणून काय झालं. च्या टाकलाय. घेत न्हाई? बरं, नका घेऊ. पर बसून बोला, उभ्या माणसाशी बोलायचं म्हंजी मान दुखती माझी. हे न् तुमचा दाजी भिवाजी, दोघं मळ्यात गेल्यात, तवा काय बोलायचं ते माझ्याशीच बोला. न्हाई बोलत? मग मीच बोलते.

वनस्पती तूप हाय, व्हय. मी कुटं न्हाई म्हणते? डब्यावर लिवलंय, तुमाला वाचता येतंय. पौडच्या दुकानातनं आणलाय. लपवून ठेवला न्हवता — परातीमागं हुता, पर ते मुंग्यांना भिऊन. आन् एकट्या चंद्राच्या तोंडाला न्हाई लावलं आमी ते, घरात समदी तेच खातो. भाकरीवर तेच, भातावर तेच, दोन वर्सं झाली. पुण्यात आता लग्नाच्या पंगतीला बी तेच वाढत्यात. थंडीत कसं रवाळ गोठतं, वास मारत न्हाई, महिना महिना ऱ्हातं. टाळूला चिकटतं म्हणाल — चिकटतं थोडं, वर कोमट पाणी प्यावं. लोक म्हणत्यात त्यानं डोळं जात्यात. माझं गेलं का? तुमी त्या आंब्याखालनं येत हुतासा तवाच वळखलं मी तुमाला. रागानं येताय, ते बी दिसलं.

तान्हीला दूध पुरंना, ते मला म्हाईत न्हाई व्हय? आजचा सतरावा दिस. रडणं ऐकते की मी, पैल्यांदा कसं खणखणीत हुतं, आता मांजरीच्या पिलावानी झालंय. आता बगा, गप झाली — चंद्रा कापसाची वात दुधात बुडवून चोखवती तिला, म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घालून. पर अंगावरचं दूध आटतं त्येला काय एकच कारण असतं? सुईण म्हणाली, चंद्रा मन खाती. मी म्हणलं, काय मन खाती, काय कमी हाय तिला? अळीव घातलं, डिंक घातला, खोबरं, खारीक — कशात हात आखडला न्हाई. लाडू काय बिनतुपाचं वळलं न्हाईत मी. तूप तेवढं — ते बगितलंच तुमी, फोडून बगितला लाडू, बोटाला लागल्यालं हुंगून बगितलं. मी चुलीपास्नं बघत हुते. पैलं बाळंतपण तुमच्याकडं म्हाळुंग्याला झालं, परत आली तवा गाल वर आल्यालं, पोरगं मांडीवर मावत न्हवतं. मीच म्हणलं हुतं ह्यांना, माहेरच्यांनी केलं बगा पोरीचं. म्हणलं हुतं का न्हाई? म्हणलं हुतं. मी काय आंधळी न्हाई.

घरात दोन म्हशी, मग लोणी कुटं जातं — हेच तुमच्या मनात हाय ना? साऱ्या गावाला ठावं हाय, लपवायचं काय त्यात. बहिरूला जातं. धाकटा माझा, तुमी लग्नात बगितला न्हवं का, वरातीत बैलगाडीचं चाक एकट्यानं उचललं हुतं त्यानं. पुण्यात तालमीत घातला त्येला. ह्यांच्या डोस्क्यातच हाय ते, एक लेक औताला न् एक आखाड्यात. आन् पैलवानाला काय वनस्पती घालणार? म्हणून मी रोज ताक घुसळायचं, लोणी निघंल ते कढवायचं, आठवड्याला चरवी भरायची न् फाट्यावर पौडची येस्टी आली की कंडक्टरच्या हातात द्यायची. पुण्याच्या स्टँडवर बहिरू येतो, घेऊन जातो, दुसऱ्या दिशी रिकामी चरवी परत. घरात कुणाच्या भाकरीवर लोण्याचं बोट पडलं न्हाई. भिवाजी दिसभर औत धरतो, त्यालाबी न्हाई. मी रवी धुते ना, ते धुवण सुदिक कढीत घालते. मग चंद्रालाच येगळं का द्यायचं? घरातली धरली तिला, म्हणून समद्यांचं तेच तिचं.

बाळंतीण येगळी, म्हणता. व्हय. येगळी असती. माझ्या सासूनं मला घातलं हुतं, खोटं कशाला बोलू. भिवाजीच्या वक्ताला सव्वा महिना वाटीनं तूप घातलं म्हातारीनं, मी नको म्हणलं तर पुढ्यात बसून पाजलं. आमी बाळंतिणीला उपाशी ठेवणारं घर न्हाई, हैबतराव. ह्या खेपेला जमंना, एवढंच. एक म्हैस गाभण, दुसरी आटत आल्याली, शेरभर दूध देती ते बी लाथा मारून. ताक व्हायचं कशाचं न् लोणी निघायचं कुटनं? चरवीचा तळ बी झाकंना. तरी बरं, तुमचा कडीचा डबा आला तवाच, म्हणून त्या आठवड्याला —

काय? न्हाई, कुटं काय म्हणलं मी.

पाचवीला तुमी पाठवल्याला डबा. व्हय, आला ना. आला हुता. घातलं की तिला त्यातलं. पाच दिस घातलं. चार दिस. असं बगू नका माझ्याकडं. तुमच्या आईनं येलदोडा टाकून कढवल्यालं, वरनं धुवट फडकं बांधल्यालं, ते फडकं मीच सोडलं. सोडलं तवा साऱ्या घरात वास सुटला न् चंद्रा आतनं म्हणाली, आत्याबाई, आईच्या हातचं हाय. म्हणाली. ऐकलं मी. आन् पाचव्या दिशी चरवी पुढ्यात घेऊन बसले न् त्यातनं निम्मं काढलं. गेलं पुण्याला. तिला म्हणलं, संपलं. ती काय बोलली न्हाई. जरा बोलली असती, भांडली असती, तर माझा हात थांबला असता का? काय ठावं. झालं आता? कळलं?

बसा की. कुटं निघालासा? तालमीत? न्हाई — तितं कशाला जाताय. वस्तादाला सांगून काय हुणार हाय, त्याच्या काय हातात हाय. बहिरूला इचारायचं? त्याच्या तोंडावर इचारायचं, माझ्या भैनीच्या तोंडचं खाल्लंस म्हणून? हैबतराव, ऐका माझं. तालमीत जाऊ नका. जाऊन काय उपेग न्हाई. तितं न्हाई तो.

न्हाई म्हंजी न्हाई. दसऱ्यापास्नं न्हाई.

बसा म्हणलं ना मी. जरा हळू बोला, आत चंद्रा हाय. तिला म्हाईत न्हाई, ह्यांना न्हाई, भिवाजीला न्हाई. दिवाळी झाल्यावर मी भैनीकडं जाते म्हणून सांगून पुण्याला गेले — चरवी एकदा येळंवर परत आली न्हाई म्हणून जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. तालमीत बाईमाणसानं जायचं न्हाई, दारात उभी ऱ्हायले. वस्ताद भाईर आला न् म्हणला, बाई, पोराचा खांदा निखळला दसऱ्याच्या कुस्तीत, बसवला पर नीट बसला न्हाई, हात खांद्याच्या वर जात न्हाई, आता कुस्ती न्हाई त्याच्या हातनं. गेला तो, कुटं गेला ठावं न्हाई. मी इचारत इचारत फिरले. स्टँडच्या मागं एक खानावळ हाय, तितं गावला. एका हातानं कणीक मळत हुता. मला बघून हसला न् म्हणला, आई, जेव. पाट दिला, ताट आणलं, भातावर तूप वाढलं. घास घेतला न् जिभंनं सांगितलं मला — दोन वर्सं खाते मी ते, मला वळखायला येळ लागतो व्हय? म्हणलं, बहिरू, हे काय खातोस, मग चरवीतलं कुटं जातं? तर खाली बघून म्हणला, मालकाला देतो. त्यावर निजायला जागा मिळती न् दोन टायमाला जेवान. मालक घरी नेतो.

ऐकलंत? आमी हितं वनस्पती खातो, तो तितं वनस्पती खातो, आन् माझ्या हातचं तूप कोण खातंय, त्याचं नाव सुदिक मला म्हाईत न्हाई.

मग बंद का न्हाई केलं — हेच ना? केलं. त्यानं पाया पडून सांगितलं, आप्पांना सांगू नको, मी काय तरी बघतो, मग येतो घरी. मी म्हणलं, बरं, पर चरवी न्हाई आता. घरी आले न् एक आठवडा पाठवली न्हाई. दुसऱ्या आठवड्याला न्हाई. मग काय झालं? काय बी न्हाई झालं. निरोप न्हाई, चिठ्ठी न्हाई. रोज फाट्यावर जायचं न् कंडक्टरला इचारायचं, माझा बहिरू दिसला का. तो म्हणायचा, चरवी न्हाई तर कशाला येईल तो. तिसऱ्या आठवड्याला भरली मी. दुसऱ्या दिशी परत आली — राखंनं घासल्याली, लख्ख. पर एका बाजूनंच घास लागल्याला, दुसऱ्या बाजूला कड तशीच काळी. डाव्या हातानं घासली हुती. मी चरवी मांडीवर घेऊन तितंच बांधावर बसले. हाय, जित्ता हाय, चरवीला हात लावून गेलाय, येवढंच. येवढ्यासाठी भरते मी ती. दर आठवड्याला. आता भरायला घरात न्हवतं, तुमच्या डब्यात हुतं. चंद्राचं दूध तवा आटाया लागलं हुतं, ते बी मला दिसत हुतं. दिसत हुतं, हैबतराव. दोन्ही दिसत हुतं.

हे ह्यांना सांगितलं असतं तर? काठी घेऊन गेलं असतं पुण्याला. न्हाईतर नाव टाकलं असतं त्याचं. जत्रंत चौघांत बसून सांगत्यात, औंदा आमचा बहिरू मानाची कुस्ती धरणार. आन् मी पलीकडं बसून गप ऐकते.

बांगडी वाजली का? दाराआड हाय ती. कवाधरनं उभी हायेस, चंद्रा? ऱ्हाऊ दे. ऐकलंस ते ऐकलंस. तू काय बोलू नको, आजवर बोलली न्हाईस, आता कशाला. पोर गुंडाळ, कानाला फडकं बांध, थोरल्याला टोपडं घाल. भाऊ न्यायला आलाय तुझा. जा.

तुमी काय बगताय, उठा. येस्टी यायची येळ झाली. त्या उतरंडीमागं चरवी हाय, ती घ्या. तुमचंच हाय, उरल्यालं निम्मं. आज जायाचं हुतं ते. भरली हाय, फडकं बांधलंय, सांडायचं न्हाई. तिला घालून संपवा, पोर पोसू दे.

आन् ऐका. तुमाला पुण्याच्या स्टँडवर गाडी बदलावी लागंल. तितं एक जण येईल, उजवा हात पोटाशी धरल्याला. कंडक्टरपाशी उभा ऱ्हाईल, चरवी इचारंल. देऊ नका त्येला. तुमच्या हातातली वळखली त्यानं न् मागितली, तरी बी देऊ नका. चंद्रा, तू बी दिराशी बोलू नको, सरळ पुढं बघ.

न्हाई. निरोप काय न्हाई. काय सांगायचं त्येला? चरवी हाती आली न्हाई, ह्याच्यात काय ते कळंल त्येला, मग येऊ दे न्हाईतर जाऊ दे. ह्यांना मी सांगते, आजच, मळ्यातनं आलं की, पाय धुवायच्या आधी सांगते, न्हाईतर परत हुणार न्हाई माझ्याच्यानं.

तुमी जावा. नका म्हणू काय. मी दारापत्तूर येत न्हाई.